प्राणदान आणि घरदार

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबर जवळ आला की दफनभूमीतील गवत काढले जाते, कबरींना चुना लागतो, मेणबत्त्या पेटतात आणि एरवी ज्यांची नावे घरात फारशी निघत नाहीत त्यांच्यासाठी मिस्सा मागितल्या जातात. या दिवसांत धर्मगुरूकडे येणारी माणसे एक विनंती हमखास करतात: "फादर, आमच्या माणसाविषयी दोन चांगले शब्द बोला." विनंती साधी आहे, परंतु तिच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. गेलेल्या माणसाचे आपण नेमके काय आठवायचे? लोकांना ठाऊक झालेले त्याचे एखादे मोठे कृत्य, की कोणालाच ठाऊक नसलेले त्याचे रोजचे जगणे? आणि ते मोठे कृत्य त्याच्या घरच्यांना महागात पडले असेल, तर ते कोणत्या तोंडाने आठवायचे?

ख्रिस्तसभेने या बाबतीत एक शहाणपणाची मर्यादा घालून दिली आहे. मिस्साविधीच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे अंत्यविधीच्या मिस्सामध्ये छोटे प्रवचन असावे. मात्र ते मृताचे गुणगान असू नये. अनेक कुटुंबांना हा नियम रूक्ष वाटतो. आम्हाला तो दयाळू वाटतो. शवपेटीसमोर उभे राहिलेला मनुष्य एक तर अतिशयोक्ती करतो, नाही तर गप्प बसतो. शिवाय गुणगानाला एक खोड आहे. ते आयुष्यातला एखादा झळाळता प्रसंग उचलून घेते आणि बाकीचे सारे आयुष्य अंधारात ठेवते. देवाच्या दयेविषयी प्रवचन झाले म्हणजे लहानथोर सर्व मृतांना एकच तागडी लागते. म्हणून आम्ही हा विषय अंत्यविधीत न मांडता, जेथे सावकाश विचार करता येतो अशा या पानांवर मांडीत आहोत.

सैनिकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बोचरा होतो. सातारा जिल्हा शिपाईगिरीचा जिल्हा आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत त्या युद्धाची आठवण म्हणून बसवलेली संगमरवरी पाटी चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत आजही दिसते. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव नाही. मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली. त्या उपासमारीत आणि नंतरच्या कैदेत जी माणसे मेली, त्यांना आयाबाया होत्या, लेकरे होती. पाटीवर त्यांचा आकडा झाला.

त्याच युद्धाच्या काळात, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी जगभरच्या धर्मगुरूंना २ नोव्हेंबर रोजी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. युद्धात पडलेल्यांची संख्या इतकी वाढली होती, की एका मिस्साने स्मरण पुरे होईना. आजही त्या दिवशी आम्ही तीन मिस्सा करतो तेव्हा त्या प्रथेमागे खंदकांत आणि वाळवंटांत पुरलेली ती बिननावाची माणसे उभी असतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आता त्याच जिल्ह्यातल्या, नाव असलेल्या एका माणसाकडे वळू. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. महाबळेश्वरी उगम पावणारी वेण्णा नदी डोंगरातून खाली उतरून मेढ्यावरून कण्हेर धरणाकडे जाते आणि पुढे माहुलीला कृष्णेस मिळते. मुलूख डोंगराळ, पाऊस उदंड, शेतीचा तुकडा लहान. येथील तरुणांना पिढ्यान्‌पिढ्या दोन वाटा ठाऊक: एक मुंबईची, दुसरी पलटणीची. याच जावळी तालुक्यातील केडंबे या खेड्यात १९५४ साली जन्मलेले तुकाराम ओंबळे या दोन्ही वाटांनी गेले. ते सैन्याच्या सिग्नल दलात होते आणि नाईक या पदावरून निवृत्त झाले. फौजेतून परतलेला मनुष्य सहसा एखादी सुरक्षित नोकरी धरतो. ओंबळे १९९१ साली मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाले. वयाच्या सदतिशीच्या सुमारास त्यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला सुरुवात केली. पुढे ते साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक झाले. घरी पत्नी आणि चार मुली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची हकिगत सर्वांस ठाऊक आहे. तरी ती नीट आठवून पाहण्याजोगी आहे. मुंबईत ठिकठिकाणी हल्ला चालू होता. दोन हल्लेखोर पळवलेल्या मोटारीतून गिरगाव चौपाटीकडे येत होते. तेथे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या लोकांनी रस्ता अडवला होता. मोटार थांबली, वळू लागली, दुभाजकाला धडकली. एक हल्लेखोर गोळीबारात पडला. दुसऱ्याने, म्हणजे अजमल कसाबने, शरण आल्याचा आव आणला आणि मग बंदूक रोखली. ओंबळे यांच्याजवळ काठी होती. त्यांनी हातांनी बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या आपल्या अंगावर घेतल्या. त्यांची पकड सुटली नाही, तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. तो जिवंत सापडला म्हणून न्यायालयापुढे उभा राहिला, आणि त्या कटामागचे हात जगाला पुराव्यानिशी दाखवता आले. २००९ च्या प्रजासत्ताकदिनी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. चौपाटीवर त्यांचे स्मारक झाले. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीलाही अभ्यासकांनी त्यांचेच नाव दिले. अपशिंगेच्या आकड्यांच्या मानाने हे भाग्य मोठेच म्हणावे लागेल.

परंतु एका भगिनीने मागे आम्हाला जो प्रश्न विचारला तो यापैकी कोणत्याही स्मारकाने सुटत नाही. ती म्हणाली, "फादर, चार लेकींचा बाप होता तो. त्यांचा विचार त्याने करायला नको होता का?"

हा प्रश्न उद्धट नाही आणि धर्माला सोडूनही नाही. स्वतःच्या घरच्यांची काळजी न वाहणाऱ्या माणसाच्या श्रद्धेला संत पौल काडीची किंमत देत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याने हे फार कडक शब्दांत सांगितले आहे. विवाहसंस्काराच्या वेळी वधूवर जे वचन देतात ते एकमेकांना देतात. त्यात अनोळखी माणसासाठी मरण्याची अट नसते. मग घरदार असलेल्या मनुष्याला आपला प्राण परक्यासाठी देण्याचा अधिकार आहे काय? तो प्राण त्याच्या एकट्याचा आहे काय?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि दोन्ही आम्हाला अपुरी वाटतात. पहिले उत्तर सभांमध्ये मिळते: देश आधी, घर नंतर. असे म्हटल्याने घर दुय्यम ठरते, आणि घराला दुय्यम मानणारा मनुष्य देशावर तरी कसले प्रेम करणार? देश म्हणजे अखेर पुष्कळशी घरेच. दुसरे उत्तर असे, की सारे क्षणार्धात घडले, विचाराला वेळ कोठे होता? हे खरे आहे. तथापि, विचार नसेल तर कृत्याला मोल नाही. पापणी मिटते त्याला आपण पराक्रम म्हणत नाही.

संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथात प्रीतीच्या क्रमाविषयी सविस्तर लिहिले आहे. कोणावर अधिक प्रेम करावे, हा प्रश्न ते एकाच मापाने मोजत नाहीत. जन्माने आणि रक्ताने येणाऱ्या गोष्टींत आप्त पहिले; नागरिक या नात्याने येणाऱ्या गोष्टींत सहनागरिक पहिले; आणि युद्धाच्या प्रसंगी बरोबरचा सैनिक पहिला. अर्थात प्रेमाचा क्रम माणसाच्या मनात एकदाच कोरून ठेवलेला नसतो. तो ज्या जागी उभा आहे, जे काम त्याने अंगावर घेतले आहे, त्यावरून ठरतो. ताटावर बसलेल्या बापाचे पहिले ऋण लेकरांचे. नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसाचे पहिले ऋण शेजारी उभ्या असलेल्या साथीदाराचे आणि पाठीमागच्या झोपलेल्या शहराचे. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे त्याला संरक्षणाचा अधिकारच असतो असे नव्हे, ते त्याचे गंभीर कर्तव्य ठरते.

तथापि, कर्तव्याने सारा उलगडा होत नाही. रस्ता अडवणे हे कर्तव्य होते. रिकाम्या हातांनी नळी धरणे कोणत्याही नियमपुस्तकात नसते. तेथे कर्तव्य संपते आणि दुसरे काही सुरू होते. त्या दुसऱ्या गोष्टीला प्रभू येशूने अखेरच्या भोजनाच्या रात्री आपल्या मित्रांसमोर नाव दिले होते, आणि दुसऱ्या दिवशी ती करून दाखवली होती.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात याच प्रश्नाची उलटी बाजू दाखवणारा एक प्रसंग आहे. १९४१ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस आउश्वित्झच्या छळछावणीतून एक कैदी पळाला. शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारण्यासाठी निवडण्यात आले. त्यांत फ्रान्सिझेक गायोव्हनिचेक नावाचा पोलिश सैन्यातला एक सार्जंट होता. आपल्या बायकोमुलांचे कसे होणार म्हणून त्याने टाहो फोडला. तेव्हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू माक्सिमिलियन कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्यांनी त्याची जागा मागून घेतली. त्या कोठडीतून प्रार्थनेचे आणि गीतांचे सूर ऐकू येत, असे छावणीतल्या साक्षीदाराने पुढे सांगितले. १४ ऑगस्ट रोजी विषारी सुई टोचून कोल्बे यांना ठार करण्यात आले. १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले, तेव्हा गायोव्हनिचेक तेथे हजर होते.

येथे घरदार नसलेल्या माणसाने घरदार असलेल्यासाठी प्राण दिला. हिशेब बरोबर जुळला, असे आपल्याला वाटते. पण तो जुळला नाही. गायोव्हनिचेक सुटून घरी पोचले तेव्हा पत्नी भेटली, मुलगे भेटले नाहीत. युद्धाच्या अखेरच्या काळात बाँबफेकीत दोघेही मारले गेले होते. ज्या लेकरांच्या नावाने कोल्बे पुढे झाले होते ती लेकरे उरली नव्हती. मग कोल्बे यांचे दान फुकट गेले काय? गायोव्हनिचेक १९९५ पर्यंत जगले आणि उरलेले आयुष्य त्या एका माणसाची आठवण सांगत राहिले. प्राणदान हा सौदा नव्हे. त्याचे फळ अमुकच मिळेल अशी कोणी हमी देत नाही. म्हणूनच मागे किती लेकरे होती यावरून ते योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही. दुसऱ्याच्या लेकरांसाठी मरणारा संन्यासी आणि स्वतःची लेकरे असून मरणारा बाप, दोघेही एकाच गोष्टीची साक्ष देतात. बापाचे दान अधिक जड असते, इतकेच. कारण त्याने दिले त्यातले बरेचसे त्याच्या घरच्यांचेही होते.

११ जुलै २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपदाच्या मार्गाविषयी एक महत्त्वाचे आज्ञापत्र काढले. रक्तसाक्षी आणि अलौकिक सद्गुणांचे जीवन या दोन जुन्या मार्गांच्या बरोबरीने 'जीवन अर्पण करणे' हा निराळा मार्ग त्यांनी मान्य केला. प्रीतीपोटी, स्वेच्छेने, निश्चित आणि जवळ आलेले मरण जो स्वीकारतो त्याचा विचार या मार्गाने होऊ शकतो. इटलीतील काराबिन्येरी दलाचा साल्वो द'अक्विस्टो हा तेविशीच्या उंबरठ्यावरचा तरुण याच मार्गाने २०२५ च्या फेब्रुवारीत 'आदरणीय' म्हणून मान्य झाला. २३ सप्टेंबर १९४३ रोजी रोमजवळ नाझी सैनिकांसमोर न केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी एकट्याने घेऊन त्याने २२ निरपराध माणसांना वाचवले होते.

या आज्ञापत्रातील एक अट आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. प्राण अर्पण करणाऱ्याच्या आधीच्या आयुष्यात ख्रिस्ती सद्गुण निदान सामान्य प्रमाणात तरी दिसले पाहिजेत. अलौकिक नव्हे, सामान्य. मरणाचा क्षण कितीही उजळ असो, ख्रिस्तसभा त्याच्या मागे वळून विचारते: हा मनुष्य रोज कसा जगत होता? घरात कसा बोलत होता? शेजाऱ्याचे देणे चुकवत होता काय? मघाचा दुसरा आक्षेप येथे सुटतो. त्या क्षणी विचाराला वेळ नसतो हे खरेच. विचार आधीच्या वर्षांत होऊन गेलेला असतो. आजारी लेकराच्या उशाशी जागलेल्या रात्री, पगारातून गावी धाडलेले पैसे, स्वतःचा घास कमी करून दुसऱ्याच्या ताटात वाढलेली भाकर, या साऱ्यांतून एक वळण पडत जाते. प्रसंग आला की हात त्या वळणाने जातात. आपल्या लेकींचा विचार त्याने केला नाही, असे त्या भगिनीला वाटले. आम्हाला वाटते, दुसऱ्यासाठी स्वतःला मागे ठेवण्याचा धडा कोणताही बाप पहिल्यांदा आपल्या लेकरांपाशीच गिरवतो. घर हे प्राणदानाच्या आड येत नाही. प्राणदान शिकण्याची ती पहिली शाळा आहे.

ओंबळे आपल्या ख्रिस्तसभेचे सभासद नव्हते. त्यामुळे या विचारात काही उणे येत नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे, की ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात सहभागी होण्याची संधी पवित्र आत्मा, देवाला ठाऊक अशा रीतीने, सर्वच माणसांना देतो. त्याच दस्तऐवजात पुढे, सैनिकाने आपले काम नीट बजावले तर तो शांततेच्याच कार्यात भर घालतो, असेही सांगितले आहे.

आता ज्यांना तो क्षण आलाच नाही त्यांच्याविषयी बोलले पाहिजे. कारण आपल्या धर्मग्रामांत असतात ते बहुतेक असेच. पंधरा-सतरा वर्षे पलटणीत काढून चाळिशीच्या आत घरी परतलेला सैनिक. संसाराची ऐन उमेदीची वर्षे त्याने वर्षाकाठी मिळणाऱ्या दोन महिन्यांच्या रजेत आणि '५६ एपीओ'च्या पत्त्यावरील आंतर्देशीय पत्रांत काढलेली असतात. मुले त्याला पाहुणा समजून वाढलेली असतात. परत आल्यावर तो प्रथम बाप व्हायला शिकतो, उशिरा, कष्टाने. आणि पुष्कळदा हाच मनुष्य रविवारी पेटीपाशी किंवा गायकवृंदाच्या मागल्या ओळीत दिसतो. कवायतीने शिकलेली वेळ तो तालात आणतो. तरुण मुले उशिरा आली तर रागावतो. नाताळच्या गीतांचा सराव पंधरा दिवस आधी सुरू झालाच पाहिजे असा हट्ट धरतो. युद्धाविषयी तो बोलत नाही. मृतांच्या मिस्सातील गीत मात्र तो डोळे मिटून गातो, आणि त्या वेळी त्याला कोण दिसत असेल हे त्याच्या पत्नीलाही विचारवत नाही.

हत्यार धरलेल्या हातांनी देवाच्या घरात वाद्य वाजवावे काय? काही सत्प्रवृत्त माणसांना ही शंका येते, आणि तिला जुना इतिहास आहे. २९५ साली उत्तर आफ्रिकेतील माक्सिमिलियन या तरुणाने रोमन सैन्यात जाण्यास नकार देऊन मरण पत्करले. ख्रिस्तसभा त्याला संत मानते. टूर्सच्या संत मार्टिनने सैन्य सोडले. पहिले महायुद्ध नेमके त्याच्या सणाच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला थांबले. ही परंपरा आपण विसरू नये. परंतु तिच्याच शेजारी दुसरी परंपरा आहे. स्नानसंस्कार करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडा असे सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे सांगितले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील कर्नेल्य हा शताधिपती घरादारासह देवाला भिणारा होता, आणि त्याच्याच घरी पेत्राला उमगले की देव माणसामाणसांत भेद करीत नाही. मिस्सामध्ये कम्युनियन घेण्यापूर्वी आपण सारे आपली अपात्रता कबूल करतो, ते शब्दही एका सैनिकाचे आहेत. आपल्या चाकरासाठी येशूकडे आलेल्या शताधिपतीचे शब्द ख्रिस्तसभेने वेदीपाशी आणून ठेवले.

आणि दावीद तर वादक, सैनिक, भक्त आणि कुटुंबवान असा सर्व एकाच देही होता. शौल राजासमोर त्याची ओळख करून देताना सेवकाने वीणावादन आणि शौर्य ही दोन्ही एका दमात सांगितली आहेत. पुढे मंदिर बांधण्याची इच्छा त्याने धरली, तेव्हा देवाने नकार दिला. तुझ्या हातून फार रक्त सांडले आहे, ते काम तुझा मुलगा शलमोन करील, असा त्याचा आशय होता. म्हणजे सांडलेले रक्त देवाच्या लेखी क्षुल्लक नव्हते. असे असूनही त्याच मंदिरातील गायनवादनाची सारी व्यवस्था दाविदाने लावून दिली; इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्या गायकांची संख्या २८८ दिली आहे. भिंती उभारण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही, गाण्याचा मिळाला. निवृत्त सैनिकाच्या गाण्याविषयी याहून अधिक समर्पक उत्तर आम्हाला सापडलेले नाही. त्याच्या गतायुष्याचे ओझे देव नाकारत नाही आणि त्या ओझ्यासकट त्याचा सूरही नाकारत नाही.

दाविदाच्या बाबतीत पवित्र शास्त्राने आणखी एक गोष्ट केली आहे. त्याने आपल्या निष्ठावंत शिपायाला, उरियाला, कसे मरणाच्या तोंडी दिले हे शास्त्राने लपवले नाही. अबशालोमच्या बंडात त्याचे घर कसे फुटले, हेही लपवले नाही. त्याची भक्ती ठेवली, त्याचे पाप ठेवले, त्याचे रडणे ठेवले. स्मरण असे असावे. आपल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचा जो आधार आपण मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातून देतो, तोही पडलेल्या सैनिकांविषयीचाच आहे, आणि ते सैनिक निर्दोष नव्हते. त्यांच्या अंगरख्याखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडले. यहूदा मक्काबीने त्यांना दोष देऊन सोडून दिले नाही, अथवा ताईत लपवून त्यांचा गौरवही केला नाही. त्याने दोन हजार द्राख्मा वर्गणी गोळा करून यरुशलेमला त्यांच्यासाठी पापार्पण धाडले. दोष पाहूनही ज्यांना सोडवत नाही अशांसाठीच आपण प्रार्थना करतो.

तेव्हा त्या भगिनीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. बापाने ते केले ते योग्यच होते. परंतु त्याची किंमत त्याच्या घराने मोजली, आणि आपण केवळ त्या क्षणाचा जयजयकार केला तर ती किंमत विसरतो. एकाने आपले आयुष्य एकरकमी दिले. दुसऱ्याने ते हप्त्याहप्त्याने दिले, रजांच्या, पत्रांच्या, पेन्शनच्या आणि रविवारच्या गाण्याच्या रूपाने. दोघांचे देणे एकाच जातीचे आहे. पहिल्याचे स्मारक होते, दुसऱ्याचे होत नाही, म्हणून दुसऱ्याचे आपण निदान नीट ऐकून तरी घ्यावे.

यासाठी काही साध्या गोष्टी आपल्या हाती आहेत. घरातले वृद्ध सैनिक हयात असतानाच त्यांच्याकडून त्यांच्या सोबत्यांची नावे उतरवून घ्या. पाटीवर आकडे झालेल्यांची नावे पुन्हा मिळायची नाहीत, यांची अजून मिळू शकतात. मुलांना पदक दाखवाल तेव्हा जुनी पत्रेही दाखवा. मृतासाठी मिस्सा मागताना त्याचे गुण सांगा आणि त्याला जे जमले नाही तेही देवासमोर ठेवा. आपल्या धर्मग्रामात सैनिकाची किंवा पोलिसाची विधवा असेल, तर २ नोव्हेंबरला कबरीवर फुले ठेवून परतताना तिच्या घरी जा. पेन्शनचे कागद, दाखले, मुलींचे शिक्षण, यांत काही अडले आहे काय, हे विचारा. जो मनुष्य दुसऱ्यांच्या घरांसाठी गेला त्याच्या घराची काळजी आता त्या दुसऱ्यांची आहे. ती वाहिल्याशिवाय केलेले स्मरण अपुरे राहते.